जपानचे दार आणि सुवालीचा किनारा

सुरत शहर मागे टाकून तापीच्या उजव्या तीराने हजीऱ्याकडे निघाले म्हणजे वाटेत इच्छापोर हे गाव लागते. आज त्या रस्त्यावर अवजड मालमोटारींची रीघ असते आणि गावाच्या परिसरात हिरे व दागिने घडविणाऱ्यांची औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथून समुद्राच्या दिशेने पुढे गेले की सुवालीचा किनारा येतो. सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे अत्यंत श्रीमंत बंदर होते खरे. परंतु तापीच्या मुखाशी गाळ साचलेला असल्यामुळे खोल तळाची मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवालीला वाळूच्या दांड्याआड नांगर टाकीत आणि माल तेथून होड्यांनी किंवा बैलगाड्यांनी सुरतेस जाई. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच किनाऱ्यावर उतरला. वलंदेजांची, म्हणजे डचांची, जहाजेही येथेच लागत. आणि त्यांच्या पोटातून जो माल उतरे त्यात लवंग-जायफळाच्या जोडीला तांब्याच्या लालसर कांबी असत. हे तांबे जपानचे होते.

यात नवल ते काय, असे कोणी विचारील. नवल असे की, ज्या काळात हे तांबे येत होते त्याच काळाविषयी शाळेच्या पुस्तकांत बहुधा एकच वाक्य असते : जपानने जगाला आपली दारे बंद करून घेतली होती. ते वाक्य अगदीच खोटे नाही. परदेशी जाणाऱ्या जपानी माणसास त्या काळी देहान्त शासन ठरलेले होते. मग त्या बंद दारातून तांबे बाहेर पडले कसे, आणि माणसे मात्र आत का कोंडली गेली? याचा उलगडा व्हावयाचा तर त्या देशाच्या इतिहासाचा ओघ उगमापासून पाहावयास हवा.

जपानी लोक आपल्या इतिहासाचे खंड पाडतात ते पुष्कळदा सत्तेच्या स्थानावरून. नारा, हेइआन, कामाकुरा, मुरोमाची, एदो ही सारी ठिकाणांची नावे आहेत. आपण पेशवाईला 'पुणेकाल' म्हणावे, तसाच हा प्रकार. लेखनविद्या येण्यापूर्वीच्या काळांना मात्र मातीच्या भांड्यांनी आणि थडग्यांनी नावे दिली आहेत. १८७७ साली एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आगगाडीने योकोहामाहून टोकिओस जात असता ओमोरी येथे त्याला रुळाच्या कडेस शिंपल्यांचा मोठा थर दिसला. तेथे उत्खनन केल्यावर जी खापरे सापडली त्यांच्या अंगावर दोरीचे ठसे उमटलेले होते. 'जोमोन' या शब्दाचा अर्थ दोरीची नक्षी असाच आहे. त्या संस्कृतीची सर्वांत जुनी भांडी सुमारे पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वीची असून जगातील अतिप्राचीन भांड्यांत त्यांची गणना होते. विशेष म्हणजे ही माणसे शेतकरी नव्हती. शिकार, मासळी, कालवे आणि रानातील चेस्टनट यांवर त्यांचा निर्वाह चाले. मडके घडविण्यासाठी आधी नांगर धरावा लागतो, ही समजूत जोमोन लोकांनी खोटी पाडली आहे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात कोरियाच्या बाजूने भातशेती आली आणि मागोमाग कासे व लोखंड आले. हा यायोई काल. टोकिओच्या ज्या मोहल्ल्यात १८८४ साली त्या काळचे एक भांडे सापडले, त्या मोहल्ल्याचे नाव संबंध युगाला मिळाले. भाताचे पीक माणसाला कसे बदलते, हे कोकणात किंवा दक्षिण गुजरातेत वाढलेल्यास वेगळे सांगावयास नको. बांध आला की पाण्याची वाटणी आली, वाटणी आली की तंटा आला, आणि तंटा आला की तो तोडणारा पुढारी आला. यायोई काळाच्या अखेरीस हे पुढारी राजे झाले. त्यांतील हिमिको नामक राणीने इसवी सन २३९ मध्ये चीनच्या दरबारी वकील धाडल्याची नोंद चिनी बखरीत आहे. पुढे तिसऱ्या ते सातव्या शतकापर्यंत या राजांनी आपल्यासाठी मातीच्या टेकड्यांएवढी थडगी रचविली. त्यांना 'कोफुन' म्हणतात. ओसाकानजीक साकाई येथील सर्वांत मोठे थडगे ४८६ मीटर लांब असून वरून पाहता त्याचा आकार कुलपाच्या छिद्रासारखा दिसतो.

सहाव्या शतकात कोरियामार्गे बौद्ध धर्म जपानात पोहोचला आणि त्याच्या पाठोपाठ चिनी लिपी, कायदा, पंचांग, नगररचना हे सर्व आले. असुका आणि नारा या दोन कालखंडांत जपानने जेवढे परक्यांपासून घेतले तेवढे मेइजी काळापर्यंत पुन्हा कधी घेतले नाही. तांब्याची गोष्टही येथूनच सुरू होते. ७०८ साली मुसाशी प्रांतात तांबे सापडले, तेव्हा दरबारास एवढा हर्ष झाला की चालू शकाचे नावच बदलून 'वादो', म्हणजे जपानी तांबे, असे ठेवण्यात आले आणि त्याच नावाचे नाणे पाडले गेले. धातूच्या नावाने शक सुरू करणारे राज्य विरळाच म्हणावयाचे. पुढे सम्राट शोमू याने नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाची महामूर्ती ओतविली. तिला सुमारे पाचशे टन तांबे लागले. ७५२ साली त्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. ते कुणाच्या हस्ते? बोधिसेन नामक भारतीय भिक्षूच्या. हा भिक्षू ७३६ साली चीनमार्गे जपानात आला होता. ज्या कुंचल्याने त्याने मूर्तीचे डोळे रेखिले त्याला लांब दोर जोडलेले होते आणि जमलेल्या मंडळींनी ते दोर हाती धरून त्या पुण्यकर्मात भाग घेतला.

शिक्षकांना मौज वाटावी अशी आणखी एक गोष्ट याच देवघेवीतून निघाली आहे. जपानी मूल आज अक्षरे शिकते ती अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने. आणि व्यंजने येतात ती क, स, त, न, ह, म, य, र, व अशी. संस्कृत मंत्र शुद्ध म्हणता यावेत म्हणून बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून ही मांडणी तेथे रुजली. आपल्या वर्णमालेचा सांगाडा तीत ओळखू येतो. सरस्वतीही बेन्झाइतेन या नावाने जपानात गेली आहे. तेथेही ती वाद्य धारण करते आणि पाण्याजवळ वसते.

७९४ साली राजधानी हेइआन नगरीत, म्हणजे आजच्या क्योतोत, गेली. त्यानंतरची चार शतके दरबारी ऐश्वर्याची. पुरुष मंडळी पांडित्यासाठी चिनी भाषा वापरीत, तर स्त्रिया सोप्या काना लिपीत आपल्या बोलीत लिहीत. मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने अकराव्या शतकाच्या आरंभी रचिलेली गेंजीची कथा जपानी वाङ्मयाचा मानबिंदू ठरली; त्या वेळच्या पंडितांचे चिनी लेखन आज अभ्यासकांवाचून कोणी उघडीत नाही. संस्कृतचा आधार सोडून देशी भाषेत लिहिणाऱ्यांची थोरवी मराठी माणसास समजावून सांगावी लागत नाही.

परंतु राज्य कवितेवर चालत नाही. प्रांतोप्रांतीचे लढवय्ये, ज्यांना पुढे सामुराई म्हणून जग ओळखू लागले, ते प्रबळ झाले आणि ११९२ साली मिनामोतो योरितोमो यास सम्राटाने शोगुन, म्हणजे सेनापती, हे पद दिले. त्याची गादी कामाकुरा येथे होती. येथून पुढे जवळजवळ सातशे वर्षे जपानात एक विलक्षण व्यवस्था नांदली. सम्राट क्योतोत पूज्य म्हणून बसलेला आणि खरी सत्ता शोगुनाच्या हाती. सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे ही जोडी डोळ्यांपुढे आणली म्हणजे ही व्यवस्था मराठी वाचकास चटकन उमगेल. फरक एवढाच की, पेशवे अखेरपर्यंत स्वतःस छत्रपतींचे प्रधान म्हणवीत राहिले आणि त्यांचा कारभार सुमारे एका शतकात संपला. शोगुनांची घराणी मात्र बदलत गेली तरी पद टिकले. कामाकुरा काळातच १२७४ आणि १२८१ साली मोंगल आरमार चालून आले. दोन्ही वेळा वादळाने त्याची दाणादाण उडविली. 'कामिकाझे', म्हणजे देवांचा वारा, हा शब्द त्या वादळाचा. विसाव्या शतकात तो ज्या कामासाठी वापरला गेला ते सर्वांस ठाऊक आहे.

कामाकुराची सत्ता १३३३ साली मोडली. नंतरच्या मुरोमाची काळात चहाचा विधी, नो नाटक, वाळू आणि दगडांच्या बागा यांची भरभराट झाली. पण राज्यसत्ता खिळखिळी झाली. १४६७ ते १४७७ पर्यंत चाललेल्या ओनिन युद्धात क्योतो जळून गेले आणि पुढची शंभर वर्षे सरदार एकमेकांशी लढत राहिले. या धामधुमीत, १५४३ साली, तानेगाशिमा बेटावर एक जहाज लागले. त्यावर पोर्तुगीज होते आणि त्यांच्याजवळ बंदुका होत्या.

येथून जपानच्या इतिहासात आपला पश्चिम किनारा शिरतो. आंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ स्वदेशातून पळून मलाक्कामार्गे गोव्यास आला. १५४८ साली गोव्यातच त्यास स्नानसंस्कार मिळाला. त्याला सोबत घेऊन संत फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा येथे उतरले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत क्युशू बेटावर लाखाच्या वर लोक ख्रिस्ती झाले. त्यांतील काहींना श्रद्धा ओढीत होती, तर काही सरदारांना पोर्तुगीज व्यापार हवा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. १५८२ साली चार जपानी कुमार रोमला पोपच्या भेटीस निघाले, ते जाता-येता गोव्यात राहिले. त्यांपैकी हारा मार्तिन्यो याने १५८७ साली गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले. परतताना त्यांनी युरोपातून आणलेला छापखाना जपानात नेला.

याच सुमारास वसईचा एक तरुण जपानात वावरत होता. गोन्सालो गार्सिया याचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. वसईच्या येशूसंघीयांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले आणि तो मुलगा असतानाच धर्मगुरूंबरोबर जपानात गेला. तेथील भाषा त्याला इतकी उत्तम अवगत झाली की तो जपानी लोकांत सहज मिसळून जाई. काही काळ त्याने तेथे व्यापार केला व पैसाही मिळविला. नंतर तो मनिला येथे गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. १५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरातर्फे वकिली घेऊन पेद्रो बातिस्ता हे धर्मगुरू जपानात आले, तेव्हा त्यांचा दुभाषी म्हणून गोन्सालो पुन्हा त्या भूमीवर आला.

जपानचा सर्वाधिकारी त्या वेळी हिदेयोशी होता. ओदा नोबुनागा याने जे एकीकरण आरंभिले ते या साध्या कुळात जन्मलेल्या माणसाने जवळजवळ पुरे केले. धर्मगुरूंनी देश सोडावा असे फर्मान त्याने १५८७ सालीच काढले होते. मात्र व्यापार हवा असल्याने ते कसोशीने अमलात आणले नाही. १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्यास लागले. त्याच्या मालाच्या जप्तीवरून वाद पेटला आणि आधी धर्मगुरू, मग सैन्य अशी स्पेनची रीत असल्याचे हिदेयोशीच्या कानी गेले. मेक्सिको व फिलिपाइन्स यांचा इतिहास पाहता त्याची शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु त्या शंकेची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. गोन्सालो धरून सव्वीस जणांपैकी बहुतेकांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, ऐन हिवाळ्यात त्यांना क्योतोपासून नागासाकीपर्यंत चालविण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसांना बांधून भाल्यांनी विंधण्यात आले. सव्वीसांत वीस जण जपानी होते. त्यांतील सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. पोप नववे पायस यांनी १८६२ साली या सर्वांस संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून गोन्सालोचे नाव घेतले जाते. वसईतील महाविद्यालयासही त्याचेच नाव आहे.

१६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इयेयासू विजयी झाला आणि १६०३ साली तो शोगुन झाला. त्याची राजधानी एदो, म्हणजे आजचे टोकिओ. या घराण्याने अडीचशेहून अधिक वर्षे देशात शांतता राखली, हे त्याचे मोठे श्रेय. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३३ ते १६३९ या वर्षांत एकामागून एक हुकूम निघून जपान्यांस परदेशगमन आणि पोर्तुगीजांस जपानात प्रवेश वर्ज्य झाला. मध्यंतरी १६३७ साली शिमाबाराच्या शेतकऱ्यांनी बंड केले. जुलमी सारा आणि उपासमार ही त्याची कारणे; पण बंडखोर बहुतांशी ख्रिस्ती असल्याने त्यांच्या निशाणांवर क्रूस होते. हारा किल्ल्यात ते महिनोन् महिने लढले आणि अखेर किल्ला पडल्यावर हजारोंच्या संख्येने मारले गेले. त्या किल्ल्यावर समुद्रातून तोफा डागल्या त्या वलंदेजांच्या जहाजाने. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांनी ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांवर गोळे टाकले, कारण शोगुनाची मर्जी राखली तर जपानचा व्यापार एकट्याच्या पदरात पडणार होता.

तो तसा पडलाही, पण अपमानासकट. वलंदेजांनी हिरादो बेटावर दगडी वखार बांधली आणि दर्शनी भागावर १६३९ हे साल कोरले. ते साल ख्रिस्तजन्मापासून मोजलेले आहे, एवढ्या कारणासाठी पुढील वर्षी ती वखार त्यांच्याच हातून पाडविण्यात आली. १६४१ साली त्यांना नागासाकीच्या बंदरातील देजिमा या मानवनिर्मित बेटावर हलविले. पंख्याच्या आकाराचे हे बेट जेमतेम दीड हेक्टराचे; एका पुलाने गावाशी जोडलेले आणि पुलावर पहारा. तेथे उघड प्रार्थना करावयाची नाही आणि धर्मग्रंथ बंद करून ठेवावयाचे. या सर्व अटी कंपनीने मान्य केल्या.

या व्यवस्थेला जपानी भाषेत 'साकोकु', म्हणजे साखळबंद देश, असे म्हणतात. गंमत अशी की, हा शब्द शोगुनांनी कधी उच्चारलाच नव्हता. शिझुकी तादाओ या दुभाष्याने १८०१ साली एका परदेशी वैद्याच्या निबंधाचे भाषांतर करताना तो घडविला. प्रत्यक्षात दार लोटलेले होते, कुलूप नव्हते. चिनी व्यापारी नागासाकीत येत, कोरियाशी त्सुशिमा बेटातून व्यवहार चाले, र्‍युक्यू बेटांशी सात्सुमाचे सरदार संबंध ठेवीत.

या लोटलेल्या दाराच्या फटीतून तांबे बाहेर पडत होते. आरंभी वलंदेजांना जपानची चांदी हवी होती. पण ती आटू लागली म्हणून १६६८ साली चांदीच्या निर्यातीस त्यांना बंदी झाली आणि तांब्याचा भाव वधारला. १६९१ साली शिकोकू बेटावर सुमितोमो घराण्याने बेश्शी येथील खाण चालू केली. ती १९७३ पर्यंत चालली. कच्चे तांबे ओसाकास आणीत, शिसे घालून त्यातील चांदी वेगळी काढीत, आणि शुद्ध रस गरम पाण्यात ठेवलेल्या साच्यांत ओतीत. त्यामुळे कांबीवर सुरेख लाली येई. पेट्यांत भरलेल्या या कांबी नागासाकीस जात. वलंदेजांची जहाजे उन्हाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्यावर तेथे पोहोचत आणि शरदात ईशान्य वारे सुटले की बटाव्हियाकडे परतत. तेथून काही तांबे कोरोमंडल व बंगालकडे, काही युरोपकडे आणि बराच मोठा वाटा सुरतेकडे निघे.

सुरतेस त्याची गरजही तशीच होती. मोगलांचा रुपया चांदीचा असला तरी बाजारहाट चाले तो तांब्याच्या पैशावर. आणि हंडे, घागरी, तपेली यांखेरीज कोणाचे घर पुरे होत नसे. देशी खाणींचे उत्पादन या मागणीस पुरत नव्हते. वलंदेज सुरतेत तांबे विकून जो पैसा उभा करीत त्यातून गुजरातचे सुती कापड घेत; ते आग्नेय आशियात देऊन मसाले घेत, आणि रंगीत छापील भारतीय कापडाचा काही भाग थेट जपानातही पोहोचे. जपानी लोक त्यास 'सारासा' म्हणत आणि चहाच्या मौल्यवान भांड्यांस त्याच्या पिशव्या शिवीत. शिवछत्रपतींनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा वलंदेजांनी आपली वखार राखली, हे सर्वश्रुत आहे. ज्या पेठेवर त्यांची नजर गेली तिच्या श्रीमंतीचा एक झरा असा दूर जपानच्या डोंगरात उगम पावत होता. ॲडम स्मिथ याने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जपानी तांब्याच्या भावाचा परिणाम युरोपच्या खाणींवर होतो असे म्हटले आहे. तेव्हा हा व्यापार किरकोळ खासच नव्हता. पुढे खाणी खोल गेल्या, उत्पन्न घटले, आणि १७१५ साली शोगुनाने वलंदेजांची जहाजे वर्षाला दोनवर आणली.

तांब्याला जी वाट मोकळी होती ती माणसाच्या मनाला नव्हती. नागासाकीच्या रहिवाशांस दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. तरीही उराकामी आणि गोतो बेटे येथील शेतकरी व कोळी यांनी आपली श्रद्धा लपवून जतन केली. धर्मगुरू नाहीत, पुस्तके नाहीत, मिस्सा नाही. गावातील जाणती माणसे मुलांना स्नानसंस्कार देत आणि उपवासाचे दिवस तोंडी मोजून ठेवीत. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीपुढे ते मरियेची प्रार्थना करीत. असे सव्वादोनशे वर्षे चालले. १८६५ साली नागासाकीत ओउरा येथे परदेशीयांसाठी देऊळ उभे राहिले. ते निशिझाकाच्या त्याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पिलेले होते. १७ मार्च रोजी उराकामीचे काही लोक तेथे आले आणि त्यांतील एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांस हळूच सांगितले की, आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे. मग तिने मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. लपलेली माणसे सापडली, ती अशी.

सापडल्याने त्यांचे हाल मात्र संपले नाहीत. १८५३ साली अमेरिकेच्या पेरी या आरमारी अधिकाऱ्याने आपली काळी जहाजे एदोच्या खाडीत आणली, करार झाले, आणि १८६८ साली शोगुनशाही कोसळून सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. या नव्या, सुधारक म्हणविणाऱ्या सरकारनेच उराकामीच्या तीन हजारांवर ख्रिस्ती लोकांस घरांतून उठवून दूरच्या प्रांतांत हद्दपार केले. पाश्चात्त्य राष्ट्रांत निषेध झाल्यावर १८७३ साली बंदीचे फलक उतरविण्यात आले व जिवंत राहिलेले लोक घरी परतले.

मेइजी काळाची कहाणी पुष्कळांना परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगितली तरी चालेल. सरंजामी संस्थाने १८७१ साली बरखास्त झाली, १८७२ साली सक्तीच्या शिक्षणाचा पाया घातला गेला आणि टोकिओ-योकोहामा आगगाडी धावली. आपली मुंबई-ठाणे गाडी त्याच्या एकोणीस वर्षे आधीची. पण ती दुसऱ्याने आणलेली होती आणि जपानची त्याने स्वतः मागविलेली. ओसाकाच्या गिरण्यांस कापूस हवा होता, तो गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड येथे पिकत होता. इंग्रज जहाज कंपन्यांचे भाडे जाचक होते. तेव्हा सुरतेजवळच्या नवसारीत जन्मलेले जमशेटजी टाटा १८९३ साली जपानात गेले आणि त्यांनी निप्पॉन युसेन कंपनीशी करार केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या कंपनीचे 'हिरोशिमा मारू' हे जहाज कोबेहून मुंबईस निघाले. या किनाऱ्याशी जपानचा व्यापार आता वलंदेज मध्यस्थाविना होऊ लागला.

१९०५ साली जपानने रशियाचा पराभव केला तेव्हा महाराष्ट्रातही आनंद झाला. पण जपानपासून घ्यावयाची गोष्ट तोफ नव्हे, शाळा होय, हे ज्यांनी ओळखले त्यांत धोंडो केशव कर्वे हे प्रमुख. टोकिओच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापिले. दरम्यान १९१० साली त्याच जपानने कोरिया गिळंकृत केला होता. आशियाचा मुक्तिदाता म्हणून त्याचा गौरव करणाऱ्यांचे या घटनेकडे दुर्लक्ष झाले, असेच म्हणावे लागते. ताइशो काळ १९२६ साली संपला. शोवा काळात लष्कराने राज्य हाती घेतले, चीन पेटविला आणि सबंध पूर्व आशिया युद्धात लोटला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीवर अणुबाँब पडला. तो फुटला उराकामीवर, प्रार्थनामंदिरापासून सुमारे पाचशे मीटरांच्या आत. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आठवड्यावर आला होता, म्हणून मंदिरात पापनिवेदन चालू होते. आतील कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास मृत्यू पावले. सव्वादोनशे वर्षे छळ सोसून तग धरलेली वस्ती एका दिवसात संपली, आणि बाँब टाकणारे विमानही ख्रिस्ती देशाचेच होते. सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, जपानने शरणागती जाहीर केली. झेवियर कागोशिमास उतरल्याची तिथी तीच.

१९४७ च्या राज्यघटनेने जपानने युद्धाचा हक्क सोडला. १९५२ साली भारताने त्याच्याशी स्वतंत्र तह केला. १९६४ साली टोकिओ-ओसाका अतिवेगवान गाडी धावली. तिच्याच धर्तीवरील मुंबई-अहमदाबाद मार्गाचा शिलान्यास २०१७ साली झाला आणि सुरत हे त्यावरील एक स्थानक ठरले. शोवामागून १९८९ साली हेइसेई आणि २०१९ साली रेइवा हा शक आला. रेइवाच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, हजीऱ्याचा पोलादाचा अवाढव्य कारखाना आर्सेलर मित्तल व निप्पॉन स्टील यांनी मिळून घेतला. इच्छापोरवरून जाणाऱ्या मालमोटारींत त्या पोलादाच्या गुंडाळ्याही असतात. सुवालीचा किनारा तेथून जवळच आहे.

निशिझाका टेकडीवर गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांस संतपद मिळाल्याच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली स्मारक उभारले गेले. शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सव्वीसही जणांच्या आकृती एका रांगेत घडविल्या आहेत. त्या कांस्याच्या आहेत, म्हणजे मुख्यतः तांब्याच्याच. आणि त्या रांगेत वसईचा गोन्सालोही उभा आहे.